पाच माणसांची सोय

पोशीर, ता. कर्जत
१९ नोव्हेंबर १९६७

सौ. अंबाबाई धाऊ आगिवले यांस,
मु. माथेरान.

स. न. वि. वि.

आपल्याकडे प्रवाशांच्या राहण्या-जेवणाची घरगुती सोय होते, असे नेरळच्या बाजारात समजले. येत्या जानेवारीत, २५ तारखेपासून चार दिवस, आमचे कुटुंब थंडीची हवा खाण्यासाठी वर येऊ इच्छिते. माणसे पाच. मी, माझी पत्नी, दोन मुली (वये सोळा व आठ) आणि एक वृद्ध बाई. वृद्ध बाईंचे गुडघे दुखतात, तरी खोलीला पायऱ्या नसाव्यात. संध्याकाळी त्यांना दूधभात लागतो, तोही मऊ. जड पांघरूण चालत नाही, हे तुला माहीतच आहे.

वरच्या ओळीत 'तुला' असे चुकून पडले आहे. खोडले असते, पण कार्ड घाण दिसते.

उलट टपाली कळवावे.

आपला,
वि. ना. कराळे
कारकून, भातगिरणी, नेरळ


पोशीर
३ डिसेंबर १९६७

चि. सौ. अंबूस,

तुझं कार्ड मिळालं. 'जानेवारीत खोल्या रिकाम्या नाहीत. अं. धा. आगिवले.' एवढंच. पण 'रिकाम्या'चा शेवटचा काना तू अजून वर नेऊन वाकवतेस. पाटीवर तुला अक्षरं मी शिकवली, तेव्हा या कान्यापायी तू माझ्या दोन चापट्या खाल्ल्या होत्यास. कार्ड वाचून आधी तेच आठवलं, आणि 'स. न. वि. वि.'वाली भाषा पुढे रेटवेना.

वरच्या एका घोडेवाल्याला गिरणीपाशी विचारलं. तो म्हणाला, संक्रांत झाली की वर चिटपाखरू नसतं, पार शिमग्यापर्यंत. म्हणजे तुझ्या खोल्या रिकाम्या आहेत. खोटं बोलणं तुला जमत नाही. आपल्या घरात ते मलाच जमायचं.

हे हवा खाण्याचं खूळ माझं नाही. भाद्रपदात आई तापाने तीन आठवडे पडून होती. उठली, तेव्हा तिला ओटीवर आणून बसवलं. समोर डोंगर. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "विटू, खालनं वर बगून बगून मान आखडली माजी. येकदा वर जाऊन खाली बगायचं हाय." मी म्हटलं, भात घरात येऊ दे, मग बघू. आता भात आलं, झोडून झालं, पेंढा रचून झाला. आई रोज सकाळी विचारते, "गाडी किती वाजता आसते रं?"

तुझं नाव तिने काढलं नाही. कराळ्यांची पोरगी ठाकराच्या घरात गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्याकडे ते नाव कुणी काढत नाही. फक्त 'डोंगर' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

तयारी मात्र गावजेवणाची असावी तशी चालली आहे. तुझी वहिनी गौरा थोरल्या आवडीच्या शाळेतल्या बाईंकडून विणायला शिकली. एक बाही झाली आहे. ती सध्या फक्त माझ्या पोटरीला बसते. धाकटी चिंधी विचारते, वर बर्फ असतो का, आणि असला तर तो डब्यातून आणता येईल का. भावकीतले नागूकाका ओटीवर येऊन हसून गेले. "डोंगराच्या पायथ्याचा मानूस डोंगरावर हवा खायाला जातो? आरं, तीच हवा सांजच्याला खाली येती, फुकट!"

तर दुसऱ्या कुठल्या तारखा जमतील ते कळव.

वि. ना. कराळे
(विठू)


पोशीर
१२ डिसेंबर १९६७

अंबू,

काल पहाटे सव्वाचारला धरणी हलली. फळीवरची भांडी खाली आली. गाईंनी दावी तोडली. आम्ही सगळे अंगणात. आईला मी उचलूनच बाहेर आणली. उजाडलं आणि माणसं देवळापाशी जमली. जो तो दुसऱ्याला सांगत होता की मी घाबरलो नाही. आई अंगणातून हलायला तयार नव्हती. डोंगराकडे तोंड करून उभी होती. म्हणाली, "वर काय झालं आसंल?"

गिरणीतल्या रेडिओवर सांगितलं की कोयनेकडे फार नासधूस झाली. माथेरानचं कोणी काही सांगत नाही. नेरळ स्टेशनावर जाऊन विचारलं, तर म्हणाले, वरच्या रुळांची माणसं पायी लाइन तपासत आहेत. तुझ्या घरचे रुळांवरच कामाला आहेत ना? ते सुखरूप आहेत ना? तू? मूल?

खोल्या राहू देत. नाही दिल्यास तरी चालेल. फक्त एक कार्ड टाक.

दादा


पोशीर
२२ डिसेंबर १९६७

चि. अंबूस,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते वाचूनच दिलं असणार, कारण देताना तो माझ्याऐवजी आईकडे बघत होता. असं काही लिहायचं तर आंतर्देशीय पत्र घेत जा गं.

'आम्ही तिघं सुखरूप. मागच्या भिंतीला चीर पडली, तेवढंच. आई कशी आहे? खोल्या आहेत. पण नेरळच्या बाजारात तू मला काय सांगितलंस, ते आधी आईला सांग. त्याशिवाय माझ्या दारात येऊ नको. अंबू.'

आईने विचारलं, कुणाचं. मी म्हटलं, अंबूचं. अकरा वर्षांनी ते नाव आमच्या ओटीवर मोठ्याने निघालं. आई म्हणाली, "वाच." मी 'आई कशी आहे' इथपर्यंत वाचलं. म्हणाली, "पुन्यांदा वाच." चार वेळा वाचलं. चारही वेळा तिथेच थांबलो.

आज मी कागदावर सगळं लिहून ठेवतो, म्हणजे मला पळायला जागा राहणार नाही.

सत्तावन सालचा पौष. बाबा जाऊन सहा महिने झाले होते. तू लेक कडेवर घेऊन पायी डोंगर उतरलीस आणि बाजारात तेल्याच्या दुकानासमोर मला गाठलंस. पोर फडक्यात गुंडाळलेली होती, तिचं फक्त कपाळ दिसत होतं. तू म्हणालीस, "दादा, आईला दावते नि जाते. पानीबी मागनार नाय." आणि मी म्हणालो, "आईनं सांगितलंय, तोंड दाखवू नको म्हणून."

आईने असं काहीही सांगितलं नव्हतं. तू आली आहेस हेच तिला ठाऊक नव्हतं. भावकीचे डोळे माझ्यावर होते. तुला घरी नेलं असतं तर लग्नाकार्यांतून आमचं पान उठलं असतं. स्वतःच्या तोंडाने तुला 'जा' म्हणायची छाती नव्हती, म्हणून आईचं नाव पुढे केलं. तू पोरीचं फडकं सारखं केलंस. वळलीस आणि चढणीला लागलीस. मी गूळ घेऊन घरी आलो, नेहमीसारखा.

सांगेन आईला. सांगतो म्हणजे सांगतो.

दादा


पोशीर
७ जानेवारी १९६८

चि. अंबूस,

अजून सांगितलं नाही. रागावण्याआधी माझं ऐकून घे.

सोमवारी सांगणार होतो, तर आई वालाच्या शेंगा खुडायला शेतावर गेली. काठी टेकत गेली, म्हणाली, वर चढायचं तर पाय सुटे पाहिजेत. बुधवारी तिचे पाय चेपताना तोंड उघडलं, तर म्हणाली, "जोरात चेप, बोलू नको." शुक्रवारी सर्दी झाली. मला.

गौराला मात्र सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं. तिने विणकाम खाली ठेवलं. आता दोन्ही बाह्या झाल्या आहेत, मधला भाग व्हायचा आहे. माझ्याकडे बघून म्हणाली, "अठरा वर्सं मी ह्या घरात भाकऱ्या थापते, आनि हे तुमी मला आज सांगताय? अंबू वन्सं बाजारात हुबी होती आनि तुमी गूळ घेऊन आलात? तो गूळ मी खाल्ला!" मग बराच वेळ ती त्या गुळावरच बोलत होती. शेवटी म्हणाली, संक्रांतीपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर संक्रांतीला मी सांगते.

तिकिटाचं विचारून आलो. छोटी गाडी सकाळी निघते. आईला खिडकीची जागा पाहिजे, दरीच्या बाजूची. मी म्हटलं, भीती वाटेल. म्हणाली, "भ्यायलाच जायचं हाय, नायतर हितं काय वाईट हाय?"

दादा


पोशीर
१६ जानेवारी १९६८

अंबू,

सांगितलं.

रविवारी, संक्रांतीला. आई ओटीवर सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत होती. माझ्या हातावर ठेवला तेव्हा मी म्हटलं, "आये, मी तुज्याशी खोटं वागलो." आणि मग थांबलोच नाही. बाजार, पोर, तुझं नाव पुढे केलेलं, सगळं. गौरा दारात उभी होती. मुली ऐकत होत्या. त्यांना आत जा म्हणावंसं वाटलं, पण नाही म्हटलं.

आई ओरडेल असं वाटलं होतं. तिने माझ्या तळहातावरचा तिळगूळ उचलला, डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

दोन दिवस ती सगळ्यांशी बोलत होती, माझ्याशी सोडून. जेवताना माझं मीठ चिंधीकडून पाठवायची. "त्याला इचार, आमटी पायजे का." मी शेजारीच बसलेला. चिंधी विचारायची, मी हो म्हणायचो, चिंधी परत सांगायची. तिला फार मजा वाटली. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

आज सकाळी गिरणीला निघताना मागून हाक आली. "पोरीचं नाव काय?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय."

"धा वर्सांची झाली आसंल. मामाला नाव ठाऊक नाय." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी बोल्ले आसते का रं तसं? आनि तिनं खरं मानलं आसंल? इतकी वर्सं तिला वाटलं आसंल, आयेनंच दार लावलं." वळून आत जाताना म्हणाली, "नाव इचारून घे. आनि गाडी चुकवू नको."

तेव्हा अंबू, भाचीचं नाव कळव. मी येऊ की नको, तेही कळव. तू नको म्हणालीस, तर गौरा तिघींना घेऊन येईल आणि मी खाली गुरं बघेन.

दादा


पोशीर
२३ जानेवारी १९६८

चि. अंबूस,

'ठमी. सासूबाईंचं नाव ठेवलं. तूही ये. काही आणू नका.' मिळालं. वाचलं, खिशात ठेवलं. कार्ड आता घडीवर फाटलं आहे.

ठमी हे नाव ऐकून आईने विचारलं, "ठेंगनी हाय का?" मी म्हटलं, ठमी हे तिच्या आजीचं नाव आहे, त्या आजीचं. आई म्हणाली, "बरं झालं. माजं ठेवलं नाय. येसू म्हनलं की पोरं नीट अभ्यास करीत नायत." हे तिने कुठून काढलं कोण जाणे.

तू लिहिलंस, काही आणू नका. तुझा निरोप आईला सांगितला. आतापर्यंत बांधलेलं असं : नवे तांदूळ, वालाच्या शेंगांचं पोतं, शेंगांची पोपटी भाजायला दोन मडकी, भांबुर्ड्याचा पाला ओल्या फडक्यात, घोंगड्या, बोंबील. सकाळी विचारत होती, गाडीत कोंबडीला तिकीट लागतं का. मी म्हटलं, कोंबडी न्यायची नाही. तेव्हापासून ती आणि कोंबडी दोघी माझ्यावर डोळे वटारून आहेत.

स्वेटर झाला. तो आवडीसाठी होता. मला होतो. गौराला नाही म्हणता येत नाही, म्हणून मीच घालून येणार आहे. लाल आहे. ओळखायला सोपा.

गुरुवारी सकाळच्या गाडीने.

दादा


पोशीर
४ फेब्रुवारी १९६८

चि. अंबूस,

आम्ही चौघं खाली सुखरूप पोचलो. आई तुझ्याकडे. तिची काठी, जी ती इथे मुद्दाम विसरली म्हणते, ती घोडेवाल्याबरोबर पाठवली आहे.

चार दिवस तुझ्या घरी राहिलो, पण तू सारखी चुलीपाशी. ज्या गोष्टी तू बघितल्या नाहीस, त्या लिहितो.

गाडी वळणावर वळण घेत चढायला लागली तशी आई खिडकीला कपाळ लावून बसली. वाटेतल्या जुम्मापट्टीपाशी म्हणाली, "पोर कडेवर घेऊन ही सगळी उतरन?" मी म्हटलं, हो. "आनि परत चढ?" हो. पुढे स्टेशन येईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

वर उतरलो तर धाऊ उभे होते, रेल्वेच्या खाकी कपड्यांत, डोक्याला मफलर. मला वाटलं होतं, मी आधी बोलेन. त्यांनी आधी पोतं उचललं. हातरिक्षावाला आईपुढे आला, तर ती म्हणाली, "मानसानं वडलेल्या गाडीत बसाया मी काय इंग्रज हाय?" आणि चालायला लागली. दहा पावलांवर थांबली. धाऊंना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू धाऊ?"

"व्हय."

"माज्या पोरीला पोटभर घालतोस ना?"

"तीच मला घालते," धाऊ म्हणाले.

आई हसली. लाल मातीच्या त्या रस्त्यात उभी राहून, गुडघ्यांवर हात ठेवून हसली. पुढचा सगळा रस्ता ती त्यांच्या दंडाला धरून चालली आणि मी मागे मडकी घेऊन.

दारात तू आणि आई काय बोललात, ते मला ठाऊक नाही. मी पाठ करून उभा होतो, माकडं बघत. ठमी माझ्याजवळ आली, म्हणाली, "मामा, तुमी रडता का?" मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, "हितं सगळ्यांना पैल्या दिशी धूळ लागते." पोरगी हुशार आहे. आणि ठेंगणी मुळीच नाही, चिंधीपेक्षा हातभर उंच आहे.

आता पॅनोरमा पॉइंटवरची गोष्ट. शनिवारी सकाळी धाऊ मला एकट्याला घेऊन गेले. थंडी अशी की लाल स्वेटराचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. खाली धुकं होतं, ते हळूहळू विरलं. नेरळ दिसलं, नदी दिसली, आणि धाऊंनी बोट दाखवलं. "ते पोशीर. ती चिंचेची झाडं. त्याच्या बगलेला तुमचं घर. सकाळच्याला धूर निगतो."

मी म्हटलं, "धाऊ, माझं चुकलं."

ते म्हणाले, "मला नका सांगू. बाजारात मी नवतो. त्या दिशी ती वर आली, पोरीला पाजलं, भाकर केली, बोल्ली काय नाय. दोन दिस गेलं. तिसऱ्या दिशी म्हनली, आपन खोल्या काढू. हितं लोक येतात ना लांबलांबनं. आपली येत नायत तर परकी येतील, पन माज्या घरात मानसं जेवली पायजेत. मी कुडं बांधली, पत्रं चढवलं. अशा झाल्या खोल्या."

एवढं सांगून ते बिडी ओढत बसले. अंबू, तुझ्या खोल्या मी बाजारात ऐकल्या, तेव्हा मला वाटलं होतं, बरं चाललंय हिचं. त्या कशातून उभ्या राहिल्या ते मला त्या कड्यावर कळलं. खालचं गाव मुठीएवढं दिसत होतं. त्या मुठीतल्या चार माणसांना भिऊन मी तुला परत पाठवलं होतं.

त्या दिवशीची पोपटी तर तू पाहिलीसच. आई म्हणे, मडक्याचं तोंड खाली. धाऊ म्हणे, तोंड खालीच, पण पाला आधी. आई म्हणे, "मला शिकवतोस?" धाऊ म्हणे, "पाला आमच्या डोंगरचा." शेवटी दोन मडकी, दोन जाळ. आईच्या शेंगा करपल्या आणि ती धाऊंच्या मडक्यातलं खात म्हणाली, "माज्याच शेंगा हायत." तिला इतकं खाताना मी ताप यायच्या आधीपासून पाहिलेलं नाही.

आणि सोमवार. आम्ही निघालो, बोचकी बांधली, तर आई ओट्यावर ठमीची वेणी घालत बसलेली. मी म्हटलं, "आये, गाडीची वेळ झाली." माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जा. धा वर्सं हिची येनी मी घातली नाय. ती सगळी घालून झाली की येते." मला वाटलं, थट्टा करते. तू दारात उभी होतीस, तुझ्या तोंडावरून कळलं की थट्टा नाही.

मी रागावलो नाही, खरं सांगतो. गाडीत बसल्यावर गौरा म्हणाली, "चांगली शिक्षा झाली तुमाला." आणि पिशवीतून मला तिळगुळाचा एक लाडू काढून दिला. आईने दिला म्हणे, निघताना, गपचूप. "त्याला दे, पन मी दिला म्हनू नको."

तुझा,
दादा


पोशीर
२५ फेब्रुवारी १९६८

चि. अंबूस,

आईला कळव की कोंबडी अंडी घेऊन रवणीवर बसली आहे, गाय व्याली, कालवड झाली. घाई करू नकोस म्हणावं. पण शिमग्याला सगळ्यांनी खाली यायचं आहे, तू, धाऊ आणि ठमी. हे मी गौराच्या सांगण्यावरून लिहीत नाही, स्वतः लिहितो आहे. धाऊंना वेगळं पत्र टाकलं आहे, त्यांच्या नावाने.

इथलं तुला उगाच गोड करून सांगत नाही. आई कुठे गेली, असं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं. मी देवळापाशी उभा राहून सांगितलं, "बहिणीकडं ऱ्हायली हाय, अंबूकडं, माथेरानला." नंतर दोन घरांनी हळदीकुंकवाला गौराला बोलावलं नाही. आवडीला बघायला शेलूचे पाहुणे येणार होते. त्यांचा निरोप आला की येत नाही. मी रात्रभर तळमळलो. सकाळी आवडी म्हणाली, "बाबा, बरं झालं. मला मॅट्रिकला बसायचंय. ठमीला मी सांगून आलेय की मी शाळेत बाई होनार." मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात लपवण्याची विद्या पुढच्या पिढीत गेली आहे. पण तिचं लपवणं चांगल्या कामाचं आहे, तेव्हा बसू दे म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. काल नागूकाका आले. एकटेच, दुपारच्या वेळी, जेव्हा ओट्यांवर कुणी नसतं. बसले. घसा खाकरला. मी ओळखलं, भावकीचा निरोप असणार. मनात म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे.

"येसू वयनी तितं ठाकराच्या चुलीचं खाती म्हनतात."

मी म्हटलं, "खाते. हितल्यापेक्षा दोन घास जास्त खाते."

काकांनी पान लावलं. "आनि गुडघं?"

"काठी लागत नाय आता. पॉइंटापर्यंत चालत जाते म्हणून अंबूने लिहिलंय."

"चालत?"

"चालत."

पान खाऊन झालं तरी उठेनात. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून म्हणाले, "आमच्या हिचंबी गुडघ्याचंच हाय. वैदू झाला, डागदर झाला. तितली हवा कोरडी आसंल, न्हवं? चार दिस खोली मिळंल का रं, आमा दोगांना? पायऱ्या नसलेली?"

डोंगरावरची हवा फुकट खाली येते, असं हेच म्हणाले होते, ते मी त्यांना ऐकवलं नाही. जिभेवर आलं होतं.

पण अंबू, हे हसून सोडण्यासारखं नाही. तू गेलीस त्या साली भावकीच्या बैठकीत सगळ्यांत चढा आवाज नागूकाकांचा होता. 'तिचं नाव घेनाऱ्याचं पानी बंद' हे त्यांचंच वाक्य. मी तिथे मान खाली घालून बसलो होतो. म्हातारे झालेत, बायकोच्या दुखण्याने वाकलेत, हेही खरं. दोन्ही गोष्टी तुला लिहिल्या. कुठली जड, ते मी ठरवणार नाही.

मी त्यांना म्हटलं, "खोल्या माझ्या नायत. अंबूला विचारून सांगतो."

ते म्हणाले, "तू सांगितलंस तर ती नाय म्हनंल का?"

मी म्हटलं, "म्हणू शकेल."

तेव्हा तू सावकाश ठरव. हो म्हणालीस तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवून देईन. नाही म्हणालीस तर ओटीवर बोलावून, चहा पाजून, स्पष्ट सांगेन, अंबू नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणेन, ते तिला विचारा, तिचं घर आहे.

तुझा,
दादा